पोळ्याचा मान आणि कोबाल्टची किरणं

१९७६ साल. मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाच्या काचेवर लावला आणि म्हणाले, "भाऊ, रोग परत आला. या वेळी पोटात."

वर्षभरापूर्वी त्यांनीच माझं उजवं अंड काढलं होतं. त्यात कॅन्सरची गाठ होती, सेमिनोमा जातीची. लाजून अशी गाठ लपवून बसला असाल तर पुढचं नीट वाचा.

तेव्हा माझा चुलतभाऊ नामदेव रिसोडच्या बाजारात चार लोकांत म्हणाला होता, "आमच्या दादाले बैलावानी खच्ची केलं. आता गोठ्यातच बांधा." लोक हसले. ते हसणं मी विसरलो नाही.

मग कंबर दुखू लागली, म्हणून पुन्हा नागपूर गाठलं. तिथं लिम्फँजिओग्राम केला. पायाच्या बोटांमधे निळं औषध टोचतात, पायावर बारीक चीर देतात आणि लिम्फच्या, म्हणजे अंगातल्या पाण्यासारख्या रसाच्या, नळीतून तेलकट औषध हळूहळू वर सोडतात. पोटात त्या नळ्यांवर असलेल्या गाठींपर्यंत ते चढलं की फोटो काढतात; डॉक्टरांनी काचेवर लावला तो हाच. तोवर हलायचं नाही. नंतर लघवी निळी होते, घाबरू नका. माझे पाय बरेच दिवस निळे होते.

छाती साफ निघाली. डॉक्टर म्हणाले, "या जातीचा रोग किरणांनी वितळतो. कोबाल्टच्या यंत्राखाली रोज यावं लागेल, काही आठवडे. मधे खंड पाडलात तर मी हमी देणार नाही."

मी हो म्हटलं. पण पोळा मधेच येत होता.

शिरपूरजवळच्या आमच्या गावात तोरणाखाली पहिली जोडी आमच्या घरची लागते. कासरा घरधन्यानंच धरायचा. धनी हजर नसला तर त्या वर्षीचा मान पुढच्या घरी, म्हणजे नामदेवाकडे.

मी म्हटलं, दोन दिवस जाऊन येतो. किरणं सुरू झाल्यापासून मला उलट्या होत; बायको, सुभद्रा, त्याचंच घमेलं धूत होती. वर न पाहता म्हणाली, "जा ना. यंदाचा मान घ्या, आन मंग कायमचा त्याले द्या. भाऊजी तुमच्या तेरवीले पोटभर जेवतीन."

मी गेलो नाही. पोळ्याच्या दिवशी पोटावर किरणं कुठं पाडायची त्या शाईच्या रेघा घेऊन यंत्राखाली पडलो होतो. खोलीत दुसरं कोणी थांबत नाही. डोळे मिटले की तोरणाखाली नामदेव दिसे. तेच पाहत मरायचं नाही, एवढं मी तिथं ठरवलं.

पुढच्या पोळ्याला कासरा माझ्या हातात होता. नामदेव जवळ आला. "दादा, थकशीन. दे इकडे."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नामदेवा, इथं उभे हायेत ते सारे बैल खच्चीच हायेत. गावाचं पोट तेच भरतेत. तू कोणाचं भरतो?"

या वेळी लोक त्याला हसले. तो मागं सरकला.

डॉक्टरांचे उपकार आहेत, सुभद्रेचे त्याहून जास्त. पण नामदेवाला मी माफ केलं असं खोटं लिहिणार नाही. त्याच्या आधी जायचं नाही, या हट्टावर मी एकही तपासणी चुकवली नाही.

त्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शिंगं रंगवलेल्या हातांचा गेरू तसाच ठेवून, मी एक्स-रेसाठी नागपूरची एसटी धरली.