नोकरी गेल्यावर मिळालेला पुरस्कार

बाबा फेसबुकवर नाहीत, म्हणून इथे लिहितेय.

आज कॉलेजने मला उत्कृष्ट माजी विद्यार्थिनीचा पुरस्कार दिला. त्यासाठी बाबा खास अकोल्याहून आले. पण कालच दुपारी हिंजवडीच्या ऑफिसात एचआरने मला बोलावलं आणि माझी नोकरी गेली. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

निवेदिकेने माझं पद, कंपनीचं नाव मोठ्याने वाचलं. पहिल्या रांगेत बाबा उभं राहून टाळ्या वाजवत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. कसेबसे आभार मानून मी खाली उतरले.

परतताना कोथरूडला बाबांनी रिक्षा थांबवली आणि पेढ्यांचे दोन मोठे बॉक्स घेऊन आले.

"उद्या ऑफिसात सगळ्यांना वाट. आणि साहेबांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, माझ्या पोरीला तुम्ही मोठं केलं."

मी म्हटलं, "हो, बाबा."

आत्ता आतल्या खोलीत ते आईला फोनवर सगळा कार्यक्रम सांगतायत. इतके खूश ते कधी नव्हते.

परवा त्यांची परतीची गाडी आहे. उद्या सकाळी ऑफिसची बॅग घेऊन घराबाहेर पडू, की आत जाऊन सांगून टाकू? तुम्ही काय केलं असतं?