तांब्यातली काडी

वालूरच्या शिवारात वारं सुटलं की आधी उमाजीला बोलावणं यायचं. तीन पायांच्या उंच तिवईवर उभा राहून सुपातली ज्वारी अशी सोडायचा की भुसा एकीकडं अन् दाणे बरोबर पायाशी! एकटा जीव. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. सुगीतली खळी हाच त्याचा गोतावळा, आणि त्यात चंद्रभान म्हणजे लहानपणापासूनचा जिवाचा दोस्त.

त्या साली पावसाळ्यात उमाजी तापानं फणफणला. वाचला, पण पाय पहिल्यासारखे राहिले नाहीत. सुगीला चंद्रभानच्या खळ्यावर तिवईवर चढला, सूप उचललं, आणि सगळं शिवार गर्रकन फिरलं. धाडकन राशीवर आदळला.

आता रास म्हणजे आमच्याकडं लक्ष्मी. शिंदी प्यालेल्यानं खळ्यात पाऊलसुद्धा टाकायचं नाही. चंद्रभान चारचौघांत कडाडला, "ढोसून राशीवर पडतोस? निघ हितून!" ज्यानं जन्मात शिंदीला तोंड लावलं नाही, त्याच्या नशिबी हे ऐकणं! उमाजी धडपडत उठला अन् खळ्याबाहेर पडला.

तो सेलूच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटून उभं केलं; गडी कलंडला, त्यांनीच सावरला. मग तांब्याभर पाण्यात काडी टाकून तांब्या झटकन फिरवला. तांब्या फिरला, काडी जागच्या जागी.

"कानाच्या आत, हाडात, पाण्यानं भरलेल्या बारीक नळ्या असतात," डॉक्टर म्हणाले. "डोकं वळलं की हे पाणी असंच मागं राहतं, त्यावरून शरीराला कळतं आपण कुठं वळलो. तुमचं ऐकणं शाबूत आहे, पण तोल सांभाळणारा कान तापात गेला. आता भिस्त डोळ्यांवर. अंधारात कुणाचा तरी हात धरत जा. नाहीच कुणी, तर भिंतीला नुसतं बोट लावा."

उमाजीनं मान हलवली. कुणाचा हात, हे काही विचारलं नाही.

पण गडी खूश! आपण प्यालेलो नव्हतो, याला आता पुरावा होता. दुसऱ्याच दिवशी तांब्या अन् काडी घेऊन चंद्रभानच्या खळ्याच्या कडेला हजर. तिवईवर दुसराच कुणी होता. उमाजीनं कानातल्या पाण्याचं सांगत तांब्या फिरवून दाखवला.

"कानाचा अन् पायाचा काय संबंध रं?" चंद्रभान म्हणाला, आणि खळंभर हशा पिकला.

परतताना दिवस बुडाला. बांधावर उमाजीचे पाय अडले; पुढचं पाऊल टाकवेना. मागून चंद्रभान आला. जवळ येऊन त्यानं आधी उमाजीच्या तोंडाचा वास घेतला.

"वास तर न्हाई येत."

"म्या कवा घेतली रं, चंद्रभान?"

चंद्रभाननं त्याचा हात धरला. दारापर्यंत दोघं तसेच चालले. कित्येक महिन्यांनी उमाजीला पायाखालची जमीन घट्ट वाटली. डोळे भरून आले त्याचे.

"उद्या खळ्यावर समद्यांना सांगशील न्हवं?"

चंद्रभाननं मान खाली घातली. "चारचौघांत बोलून बसलोय, उमा. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

त्यानं हात सोडवून घेतला अन् गेला.

घरात अंधार होता. उमाजीनं चाचपत भिंतीला बोट लावलं. डॉक्टर खरं बोलले होते, तोल गेला नाही.