सुटलेल्या ओव्या

त्या सप्त्यात मी देवालाही फसवत होतो, हे आधीच सांगून टाकतो. राणीसावरगावजवळच्या आमच्या गावात मारुतीच्या देवळात दरवर्षी सात दिवस पोथीचं पारायण होतं आणि वाचायला मीच बसायचो. मला रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते. पण त्या वर्षी मी संकल्प केला, की सात दिवस फक्त दूध, फळं आणि तीर्थ. गोळीनं सोवळं मोडेल म्हणून गोळ्यांची पट्टी घरी सदऱ्याच्या खिशातच राहू दिली. बायको म्हणाली, "अहो, गोळी तेवढी घ्या की." मी तिच्यावर खेकसलो, "ज्याचं वाचायलोय, त्यो बघंल." केवढा तो तोरा!

चौथ्या दिवशी सकाळीच मानेपासून कपाळापर्यंत ठणका सुरू झाला. आसनावरून उठलं की देऊळ फिरायचं, मग खांब धरून उभा राहायचो. उपासानं पित्त झालं असेल, अशी मनाची समजूत घातली. सहाव्या दिवशी दुपारी पान उघडलं आणि अक्षरं भिजल्यासारखी पसरली. डाव्या डोळ्यापुढं तर नुसता धूर. समोर सारा गाव बसलेला, उठायची लाज वाटली. बरीचशी पोथी पाठ होती, म्हणून आठवेल तसं म्हणत, अंदाजानं पानं उलटत राहिलो. आपण इथंच कोसळणार, या भीतीनं घाम फुटला होता, तरी आवाज मात्र चढवला. कोणाला काही कळलं नाही, असं मला वाटलं.

अध्याय संपला आणि लोक पाणी प्यायला उठले. रोज खांबाला टेकून ऐकत बसणारी एक आंधळी म्हातारी चाचपडत माझ्याजवळ आली. ताडकळसहून लेकीकडं आलेली, एवढंच मला तिच्याबद्दल ठाऊक होतं. कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, "म्हाराज, पोथी पाठ हाय मला. आज लय ओव्या सुटल्या तुमच्या. दिसंना झालंय न्हवं?"

मी घाईनं पोथी मिटली.

"डोकं ठणकायलंय? चक्कर यायलीय?"

मी कसाबसा हो म्हणालो.

"माझंबी असंच झालतं. गोळ्या सोडून नवरात्राचे उपास धरले, दुखणं कुणाला सांगितलं न्हाई. आता देव म्होरं उभा केला तरी दिसत न्हाई मला. उठा तुमी."

तिनं हात पुढं केला. पोथी मी गावच्या मास्तरांच्या हाती दिली आणि त्या आंधळ्या बाईचा हात धरून देवळाच्या पायऱ्या उतरलो. आठवलं की आजही रडू येतं. मुलानं गाडी करून मला परभणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब इतका चढलाय की आणखी उशीर झाला असता तर मेंदूतली रक्तवाहिनी फुटली असती. अशी डोकेदुखी, चक्कर आणि अंधुक दिसणं एकत्र आलं तर घरी थांबायचंच नाही, आणि गोळी आपल्या मनानं कधी बंद करायची नाही, हेही त्यांनी बजावलं. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलं होतं. तो डोळा परत आला नाही. उजवा राहिला.

बरा होऊन तिला भेटायला गेलो, तर ती वारल्याचं कळलं. तिच्या पायावर डोकं ठेवायचं राहूनच गेलं. ती साक्षात देवी होती, असं मी म्हणणार नाही. तीही माझ्यासारखीच चुकली होती, फक्त तिला वेळेवर कोणी उठवलं नव्हतं. तिला माझ्या गावात, माझ्याच समोर कोणी आणून बसवलं, हे मात्र मला विचारू नका.

आता पोथी मास्तर वाचतात. मी खांबाशी, तिच्या जागेवर बसून ऐकतो. आसन सोडताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू? नेम कडक केला की देवाला शरण गेलो, असं मी समजत होतो. आपल्याला होत नाही, एवढं कबूल करायची मात्र तयारी नव्हती. हल्ली सप्त्यातही रोज सकाळी पुजारी माझ्या तळहातावर तीर्थ घालतात, तेव्हा तिथं आधीच माझी गोळी ठेवलेली असते.