तिरळ्या दिव्यांची जीप

शेडाच्या कोपऱ्यात जुने नटबोल्ट साचतात. कुणी मुद्दाम ठेवत न्हाय, पण फेकवतही न्हाय. किस्स्यांचं तसंच. मी चौथी नापास माणूस, सोसायटीच्या ट्रॅक्टर शेडात जन्मभर मिस्त्री. आठवायला बसलं की हाताला आधी एक जीपच लागते. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावच्या दवाखान्याला ती परदेशातून देणगीत आली होती. तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात, म्हणून तिचं स्टेअरिंग डावीकडं. एवढं कळायला आम्हाला आठवडा लागला!

*

जीप आली त्या दिवशी आमचे चेअरमनसाहेब पुढच्या सीटवर बसून मिरवत आले. आपल्याकडं साहेब माणूस पुढं डावीकडं बसतो. नजर अधू झालेल्या सरपंचांनी त्या हिशोबानं डावीकडच्या माणसाला हार घातला, नारळ दिला, वाकून नमस्कार केला.

तो होता ड्रायव्हर रसूल!

अन् उजवीकडच्या चेअरमनसाहेबांना म्हणाले, "ड्रायव्हर, गाडी जरा सावलीत घ्या की."

रसूलनं हार तिथं काढला न्हाय. घरी जाऊन बायकोला दाखवला, मग काढला.

*

पण खरी खोड दिव्यांत होती. डिपर मारला की आपल्या गाडीचा उजेड खाली, डाव्या कडेला पडतो. हिचा उजवीकडं वर चढायचा. म्हणजे समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यात!

पहिल्याच आठवड्यात दिवेलागणीला लांबच्या वस्तीवरल्या भिवाची बैलगाडी समोर आली. रसूलनं डिपर मारला, तरी एक बैल दिपला अन् गाडीसकट रस्त्याकडच्या चारीत उतरला. भिवा वाचला, बैल लंगडा झाला.

"गुरांच्या छावणीत मुक्काम करून जगवला हुता रं मी त्येला!" एवढंच भिवा बोलला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

रसूल त्या दिवशी जेवला न्हाय. सकाळी दवाखान्यात जाऊन त्यानं चावी सिस्टरच्या टेबलावर ठेवली. "दिवे नीट होईस्तोवर दिवस मावळल्यावर गाडी काढणार न्हाय."

सिस्टर लगोलग माझ्या शेडात. भिवाची बायको सोना आठ महिन्यांची पोटुशी होती. आधीची दोन लेकरं घरातच जन्मली अन् घरातच गेली. या खेपेला कळा सुरू झाल्या की दवाखान्यात आणा, असं सिस्टरनं बजावलेलं. कळा काय घड्याळ बघून येतात?

"मिस्त्री, तुमच्याकडं एक महिना आहे."

"मी सुईण हाय का?" मी म्हणालो. पण पाना उचलला.

*

आता माझी अक्कल बघा. मला वाटलं, उजवा दिवा डावीकडं अन् डावा उजवीकडं बसवला की उजेडही उलटा पडंल. अर्धा दिवस खपलो. दिवे लावले, तर उजेड जसाच्या तसा!

सिस्टर बघत होत्या. म्हणाल्या, "मिस्त्री, सासू-सुनेला जागा बदलून बसवल्यावर भांडण थांबतं का?"

मग काचा काढून उलट्या बसवल्या, वरची बाजू खाली. उजेड डावीकडं गेला खरा, पण निम्मा आभाळात! तेवढ्यात लंगडा बैल घेऊन भिवा रस्त्यानं चाललेला. थांबला, वर बघितलं.

"पाऊस हुडकायलाव का, मिस्त्री? घावला तर सांगा."

*

शेवटी काचा पुन्हा सरळ बसवल्या अन् शेडाचं दार लावून भरदुपारी अंधार केला. चुना मारलेल्या भिंतीसमोर जीप उभी केली अन् हाताचा पंजा काचेवर सरकवत बसलो. कुठली जागा झाकली की तो वर चढणारा उजेड मरतो, ते बघत. घावली! भाकरीच्या चतकोराएवढी, अन् आकारही तसाच.

मुरुम गावच्या बाजारातनं काळी चिकटपट्टी आणून लावली. दिव्याची धग अन् वरनं आमच्याकडचं ऊन. दुसऱ्या दिवशी पट्टी मिशीवाणी लोंबायली!

मग तव्याखालची काजळी खरडून जवसाच्या तेलात खलली. बायको म्हणाली, "लगीन झाल्यापासनं तव्याला हात लावला न्हाय, आन् आज खरडायलाव?"

दोन्ही काचांवर काळा चतकोर काढला. भिंतीवरचा उजेड गपगुमान खाली बसला.

*

ही बातमी चेअरमनसाहेबांपर्यंत गेली. आले. म्हणाले, "मिस्त्री, हिचे आधी होते तसले दिवे माझ्या गाडीला बसव. समोरचा दिपला पाहिजे!"

"साहेब, समोरनं येणारा तुमचाच सभासद असतोय."

चहा न घेताच गेले.

*

रसूल काही ऐकंना. "भिंतीला डोळं असतात व्हय? त्या बैलानं पास केलं तर खरं."

भिवाला विचारलं. तो भडकला. "त्या सैतानापुढं माझा बैल? आन् ऐका, सोनाबी तुमच्या जीपमधी बसायची न्हाय!"

आठ दिवसांनी दिवस मावळताना निरोप आला. सोनाच्या कळा सुरू झाल्यात अन् भिवा तिला बैलगाडीत घालून निघालाय. तीन कोस रस्ता, त्यात लंगडा बैल.

रसूलनं कुणाला विचारलं न्हाय. टेबलावरची चावी उचलली. मी शेजारी बसलो. अर्ध्या वाटेत बैलगाडी समोर दिसली. रसूलनं डिपर मारला.

भिवानं खाली उडी टाकली अन् पळत येऊन लंगड्या बैलाचे डोळे दोन्ही हातांनी झाकले. बैलानं मान झाडली. हात बाजूला गेले. बैलानं जीपकडं बघितलं, नाक फुरफुरवलं अन् लंगडत आपला चालत राहिला.

भिवानं धावत जाऊन बैलगाडी थांबवली. मग म्हणाला, "रसूलभाई, घ्या हिला. सावकाश चालवा."

*

पहाटे पोरगी झाली. रडायचा आवाज व्हरांड्यात आला तेव्हा रसूलनं माझा खांदा एवढा दाबला की दोन दिवस पाना उचलंना.

आठव्या दिवशी रसूलनं त्यांना जीपनं घरी पोचवलं. दुसऱ्या दिवशी मी दिवे बघतो तर उजव्या दिव्यावरच्या चतकोराचा कोपरा पुसलेला! पार काच दिसायली. माझं टाळकं फिरलं.

"फडकं मारलंस व्हय रं गाढवा?"

"अल्लाकसम मिस्त्री, बोट लावलं न्हाय!"

भांडतच होतो, तोवर भिवा अन् सोना पोरगी दाखवायला शेडात आले. भिवा माझ्याकडं बघंना. बाहेर बैलाकडं बघत उभा राहिला. सोनानं पोरगी माझ्या हातात दिली.

पोरीच्या गालावर काळी तीट. चांगली अंगठ्याएवढी! अन् वास जवसाच्या तेलाचा.

रसूल खाकरला. मी त्याला गप बस म्हणालो.

पुढं दर बाळंतपणानंतर चतकोराचा कोपरा जायचा. कुणाची आजी न्यायची, कुणाचा बाप. मी दर खेपेला शिव्या घालायचो अन् नव्यानं काळं लावायचो.

फक्त काजळी खलताना जवसाच्या तेलात दोन थेंब गोडं तेलही घालायचो. जवसाचं वाळून काचेला घट्ट धरतं, गोडं तेल वाळत न्हाय.