आमोण्याची बाई

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पेडण्याच्या फुगडीच्या चमूला युवक मेळाव्यासाठी लक्झेंबर्गला जायला मिळालं. तिथे एका संध्याकाळी बसथांब्यावर आम्ही मुली, उद्या पेज कोण शिजवणार, यावरून भांडत होतो. बाकाच्या टोकाला कामाच्या गणवेशातली एक बाई बसली होती. तिने वळून विचारलं, "खंयची गो तुमी?"

"पेडण्याची."

"मी आमोण्याची."

आम्ही तिच्याभोवती जमलो. इथे कधी आलात, गावी कधी येणार, असं एकेक विचारू लागलो. ती पिशवीचे बंद पिळत राहिली. आई गेल्यापासून गावी जाणं झालं नव्हतं आणि घरात मुलं फ्रेंचच बोलत. मग हळूच म्हणाली, "माका काय विचारू नकात. तुमी आपसात बोला. पेजेचांच बोला. माका नुसतां आयकूंचां आसा."

मग एकीने पेजेबरोबरच्या खारातल्या कैऱ्यांचा विषय काढला आणि भांडण पुन्हा रंगलं. आमचं बोलणं इतकं मन लावून कुणी कधी ऐकलं नव्हतं. तिची बस आली. तिने चालकाला हातानेच जा म्हटलं आणि डोळे मिटून घेतले.

पाठोपाठ आमची बस आली. आमच्यातलंही कुणी उठलं नाही.