उभ्या बसमधले लतीफचाचा

लतीफचाचा कोणत्याही गाडीत चढण्याआधी ड्रायव्हरची चौकशी करायचे. सहा आसनी रिक्षा असो, कंपनीची गाडी असो की सिटी बस. एक पाय पायरीवर, हात दांड्याला आणि प्रश्न ठरलेले. "नाव काय राव तुमचं? जेवण झालं? झोप झाली का नीट?" मागे माणसं खोळंबलेली, कंडक्टर वैतागलेला. "ओ चाचा, चढा की आधी!" चाचांवर त्याचा काही परिणाम नाही. बहुतेक ड्रायव्हर हसून मान डोलवायचे, काही खेकसायचे. भोसरीच्या स्टॉपवर एकानं मात्र खरं सांगितलं, "न्हाई झाली. पोरगी आजारी हाय." चाचा तडक कंट्रोलरच्या खिडकीशी गेले आणि या माणसाला घरी सोडा म्हणून हुज्जत घालत बसले. "तुम्ही कोण हो?" कंट्रोलरनं विचारलं. "मी? पॅसेंजर," चाचा म्हणाले.

मी बाजूला उभी राहून बघत होते. ती आमची पहिलीच भेट. या माणसाच्या भरवशावर मला सोपवलंय, हे काही पटेना. पण खरं सांगायचं तर, बऱ्याच दिवसांनी मला कशाबद्दल तरी कुतूहलही वाटलं होतं.

मी चिखलीची. चाकणला वायरिंग बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होते. रोज कंपनीच्या बसनं जायचे. एका सकाळी ती बस हायवेवर दुभाजकाला धडकून उलटली. माझ्या गळ्याजवळचं हाड मोडलं. शेजारी बसलेली सुनंदा गेली. हाड जुळलं, मी कामावर हजर व्हायला निघाले. बस आली, दार उघडलं, आणि मी मागे वळून घरी आले. दुसऱ्या दिवशीही तेच. मग नवऱ्यानं मोटारसायकलवर सोडायचा प्रयत्न केला, तर वाटेत एक ट्रेलर जवळून गेला आणि मला रस्त्यातच उलटी झाली. त्यानंतर मी जिथं जायचे तिथं पायीच. सुपरवायझरचा फोन यायचा, "ताई, जागा किती दिवस धरून ठेवू?" घरात कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न असायचा.

कंपनीतल्या नर्सनं दापोडीतल्या संस्थेचा पत्ता दिला. रेल्वेलाइनच्या कडेच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्या. अपघात, आग, मारहाण, असं काही सोसून ज्यांचं अंग बरं झालं पण मन तिथंच अडकलं, अशी माणसं तिथं यायची. मी चिखलीहून चालत गेले तेव्हा अनघाताईंनी, म्हणजे तिथल्या समुपदेशक बाईंनी, आधी मला पाय धुवायला पाणी दिलं. त्यांच्याशी बोलून मला झोप लागायला लागली, सुनंदाचं नाव घेता यायला लागलं. पण बस म्हटली की हात गार पडायचे. शेवटी त्या म्हणाल्या, "आता तुला लतीफचाचांबरोबर पाठवते. ते संस्थेतलेच आहेत. चढायचं कधी, ते तूच ठरवायचं."

चाचांची रीत अशी की ते समजवायला जायचेच नाहीत. आधी नुसतं स्टॉपवर उभं राहायचं आणि बस बघायच्या. "ती बघ बेटा, कशी लंगडत आली. स्प्रिंगचे पाटे गेलेत तिचे." किंवा "हा ड्रायव्हर नवीन आहे. स्टेअरिंग बघ कसं धरलंय, जशी सासुरवाडीची बशी." मला हसू यायचं. मग एक दिवस ते मला भोसरीतल्या एका ओळखीच्या गॅरेजवर घेऊन गेले. तिथं एक बस बॉडीच्या कामासाठी उभी होती. चाकं काढलेली, खाली लाकडी ठोकळे. "ही कुठं जात न्हाई," चाचा म्हणाले. "मनात आलं तर चढ. न्हाई तर खाली बसून चहा घेऊ."

तीन-चार वेळा आम्ही खाली बसून चहाच घेतला. नंतर मी पायरीवर बसले. नंतर आत. चाचा नेहमी अगदी मागच्या सीटवर जाऊन बसायचे आणि मला हवी तिथं बसू द्यायचे. आत गंजाचा आणि जुन्या फोमचा वास. ते मला उगाच काहीबाही विचारायचे. वायरचे रंग कसे ओळखता, एकाच रंगाच्या दोन असल्या तर काय करता, चुकलं तर कळतं कसं. उत्तर देता देता मी तासभर बसमध्ये बसले आहे, हे माझ्या लक्षातच यायचं नाही. गॅरेजवाल्यानं चाकं चढवली, इंजिन सुरू केलं, तरी मी उतरले नाही. तेव्हा चाचांचा चेहरा खुलायला हवा होता. उलट तो उतरला.

"उद्या ही गाडी कंपाउंडमध्ये एक फेरी मारणार," ते म्हणाले. "त्याच्याआधी तुला एक सांगायचंय. मी ड्रायव्हर होतो. कंपनीचीच बस. रात्रीच्या शिफ्टची माणसं सोडली, घरी न जाता सकाळची उचलली. ओव्हरटाइम. चाकण रोडला डोळा लागला. उभ्या ट्रेलरला गाडी घातली मी. दोन माणसं गेली."

मी सीटवरून उठून उभी राहिले.

"झोप झाली का, असं त्या दिवशी कोणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं मला वाटतं. पण हा बहाणा न्हाई बेटा. गाडी माझ्या हातात होती."

"मला आधी का नाही सांगितलं?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"आधी सांगितलं असतं तर तू पायरी चढली नसतीस. आणि न सांगता तुला चालत्या गाडीत बसवलं असतं, तर ती फसवणूक झाली असती."

मी उतरले आणि सरळ घरी गेले. संताप चाचांवर कमी आणि बाळू ड्रायव्हरवर जास्त होता. त्या दिवशी आमची बस बाळू चालवत होता. तो फोनवर बोलत होता, असं सगळे म्हणायचे, आणि मीही तेच धरून बसले होते. पण आठवडाभर चाचांचे शब्द डोक्यातून जाईनात. चाचा हे असं सांगू शकतात, तर बाळू काय सांगेल? त्याला काय दिसत असेल? हा विचार एकदा आला तो जाईचना.

मी हे अनघाताईंना सांगितलं. त्यांच्याकडून कळलं की चाचा बाळूला ओळखतात. तो दापोडीतच राहायचा. अपघातापासून घराबाहेर पडला नव्हता. चाचा दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर त्याच्या दाराशी जाऊन बसायचे. तो कधी दार उघडायचा, कधी नाही. अनघाताईंनी त्याच्याकडे निरोप पाठवला. पंधरवड्यानं त्याच्या बायकोचा फोन आला, "या म्हणतात."

चिखलीहून दापोडी. मी बसनं जायचं ठरवलं आणि चाचांनाच सोबत यायला सांगितलं. चाचा मागच्या सीटवर, मी दारापाशी. नाशिक फाट्याला बसनं जोरात ब्रेक मारला तेव्हा माझ्या तोंडून किंकाळी निघाली आणि सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. चाचा मागून ओरडले, "काही न्हाई हो, लेक माझी, बरी होतीय!" मी डोळे मिटून दांडा धरला आणि दापोडीलाच उतरले.

बाळू मला आठवत होता त्यापेक्षा निम्मा झाला होता. भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या बायकोनं चहा ठेवला आणि ती दारात उभी राहिली. मी घरून पाठ करून आणलेलं सगळं विसरले. एवढंच विचारलं, "तुम्ही फोनवर होता का?"

"फोन वाजला होता, ताई," तो म्हणाला. "उचलला न्हाई. पण बघितला का, ते आठवत न्हाई. टायर आधी फुटला का मी आधी खाली बघितलं... रोज वेगळं दिसतं. कधी माझ्या हातात फोन असतो, कधी नसतो. आई शपथ, मला माहीत न्हाई."

मला वाटलं होतं, हो म्हणाला तर मी ओरडेन आणि नाही म्हणाला तर खोटं म्हणेन. या उत्तराचं काय करायचं ते कळेना. मी चाचांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

"मलाही माहीत नाही," मी शेवटी म्हणाले. "मी खिडकीबाहेर बघत होते. सुनंदा तिच्या मुलीच्या गॅदरिंगचं सांगत होती. हसत होती. मला तेवढंच आठवतं."

"हसत होत्या?" बाळूनं विचारलं. त्यानं ते पुन्हा एकदा विचारलं. मग तोंडावर हात घेऊन रडायला लागला. मी त्याला माफ केलं नाही. तसं काही म्हणालेही नाही. पण चहा संपेपर्यंत बसले.

त्यानंतर महिनाभरात मी कामावर रुजू झाले. पहिले काही दिवस चाचा चिखलीच्या स्टॉपपर्यंत यायचे, मग येईनासे झाले. मला वाटलं, माझी गरज संपली म्हणून. खरं म्हणजे त्यांची शुगर वाढली होती, पायाची जखम भरत नव्हती. मी संस्थेत रविवारी जायला लागले, नवीन आलेल्यांबरोबर बसायला, तिथं कधी भेट झाली की चाचा म्हणायचे, "माझं सोड. बाळूकडं कोण जातंय?" ते स्वतःच जायचे. काठी टेकत. अनघाताई सांगायच्या की बाळू आता दार उघडतो, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. संस्थेत ये म्हटलं की तोंड फिरवतो.

चाचा गेले तेव्हा त्यांच्या दापोडीतल्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. गॅरेजवाले, संस्थेत येऊन गेलेली माणसं, कितीतरी ड्रायव्हर. मी घरातल्या बायकांबरोबर बसले होते. त्यांच्या लेकीला धरून होते. जनाजा निघाला आणि थोड्या वेळानं मी संस्थेच्या जिन्याशी येऊन टेकले. खालची गिरणी त्या दिवशी बंद होती.

माणसं कब्रस्तानातून परतायला लागली. त्यांच्यात एक जण कडेकडेनं, भिंतीला हात लावत चालत होता. जवळ आल्यावर ओळखलं. बाळू. पायात चप्पल नव्हती, दोन्ही हातांना ओली माती लागलेली. तो माझ्यापासून अंतर राखून खालच्या पायरीवर बसला. धाप लागली होती त्याला.

"माती दिली चाचांना," तो म्हणाला.

मी मान हलवली. तो हातांची माती चोळून काढत राहिला. मग त्यानं जिन्याकडे बघितलं.

"ताई, हे वरचं किती वाजता उघडतं?"