भिंतीकडे तोंड करून

पनवेलच्या बाजारात टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे काका हळदीच्या कार्यक्रमांत गिटार वाजवायचे. त्यांची इलेक्ट्रिक गिटार मूळची पांढरी, पण गावोगावची हळद लागून पिवळट झालेली. "शंभर हळदी खाल्ल्याबिगर गिटार बोलत नाय," असं ते सोल्डरिंग करताना, मान वर न करता सांगायचे. नवी गिटार त्यांच्या लेखी खेळणं होतं.

मी हट्टाने नवीच घेतली. संध्याकाळी गव्हाणला मला पहिली हळद वाजवायची होती आणि काकांच्या बोलण्याने माझा धीर खचला होता. शेवटी चिडून म्हणालो, "काका, भिंतीकडे तोंड करा. दोन्ही वाजवतो. जुनी कुठली ते ओळखा."

ते वळले. मी आधी त्यांची वाजवली, मग माझी.

"दुसरी जुनी," ते म्हणाले.

"ती माझी!" मी ओरडलोच.

"मंग हरलो मी. जा, वाजव बिनधास्त."

गव्हाणला मी खरंच बिनधास्त वाजवलं. जुन्या गिटारचं कौतुक म्हणजे थोतांड, हे चार जणांना ऐकवलंही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर काका वाजवत होते. त्यांनी आवाजाचं बटण फिरवलं आणि गिटार नेहमीसारखी खरखरली. काल मी बटण फिरवलं तेव्हा माझ्या हातातही ती तशीच खरखरली होती. ती खरखर बहिऱ्यालाही ओळखू आली असती.

त्यांनी मान वर केली नाही.

"झाली एक हळद?" ते म्हणाले. "आता नव्याण्णव."